शेपटीचा फरक

बेळगावात बोर्ड म्हटलं की
लोक आधी भाषा विचारतात.
आप्पा बोर्डच रंगवायचे, खडेबाजारात.
कोपऱ्यात बारीक सही : काकतकर पेंटर.
एकेका दुकानाचं नाव त्यांनी तीनतीनदा लिहिलं,
आधी मराठीत,
मग वर कानडी, खाली मराठी,
मग एका रात्रीत नुसतं कानडीत,
शिडीखाली मी टॉर्च धरून.
पुढं फ्लेक्स आला
आणि शिडी गच्चीवर गेली.

मी आता बोर्डावर उभी राहते.
साडेबारा फुटी, हवा भरायचा,
गोव्यातल्या एका शॅकवाल्यानं वापरून टाकलेला.
'उभ्यानं कशाला गं? बसून वल्हव की,'
आप्पा म्हणाले, आणि ब्रश शोधायला उठले.
नंबर मिळाला होता तेहतीस.
'हे बरं झालं. तीन दोन्हीकडं सारखाच,
शेपटीचा काय तो फरक.'
ती शेपटी त्यांनी कुठल्या बाजूला वळवली
ते मला अजून सांगता येत नाही.

हिडकलचं पाणी, सकाळचे साडेसात.
दातात गोकाकचा करदंट, घोट्याला दोरी.
ओंदु, एरडु...
मूरु म्हणायच्या आतच निपाणीची पोरं सुटली.
पहिले शंभर वार नुसती मारामारी,
वल्ह्यावर वल्हं, कुणाचातरी हिसका,
गुडघे मेणासारखे,
आणि खाली ते हिरवं, थंड, कशाचीच फिकीर नसलेलं.

पहिला बोया. एक पाय मागं, मग दुसरा,
पार शेपटीवर.
नाक उचलतं, बोर्ड जागच्या जागी फिरतो,
त्या क्षणी माणूस कुठंच नसतो,
ना इकडं ना तिकडं.
मी फिरले.
निपाणीचा एकजण फिरला नाही,
त्याची टोपी तेवढी फिरत राहिली.

दुसऱ्या बोयानंतर वारा तोंडावर.
वारा म्हणजे दारच,
आतून कुणीतरी धरून ठेवलेलं.
डावीकडं आठ, उजवीकडं आठ,
मग पाच, मग मोजणंच सुटलं.
पुढं गोकाकची महानंदा,
रुंद खांदे, वेणी पाठीवर चाबकासारखी.
मान न वळवता ओरडली, 'हिंद बा!'
मी तिच्या मागं लागले,
तिच्या बोर्डानं कापलेल्या नरम पाण्यात.
तिथं वारा निम्मा होतो.
दुसऱ्याच्या पाठीची एवढी सावली
मी आयुष्यात घेतली नव्हती.
अर्धा मैल गेला असेल.
'ईग नी मुंद.'
आता मी पुढं, दार माझ्या छातीवर,
आणि मागं तिचा श्वास, एकसारखा,
आप्पांच्या पट्टीवरून ओढलेल्या रेषेसारखा.
असं चारदा. तिला मराठी येत असेलही.
विचारायला दम कुणाकडं होता?

शेवटचे दोनशे वार मात्र
तिनं सावलीबिवली काही ठेवली नाही.
मला बाजूला टाकून गेली सरळ,
आणि मीही तिच्या वेणीला मनातल्या मनात
चार शिव्या घातल्या, शुद्ध मराठीत.
ती तिसरी. मी चौथी.
मध्ये दोन सेकंद.

काठावर ती चिखलात बसून ओकत होती.
मी तिला उरलेला करदंट दिला.
तिच्याच गावचा.
ती हसली, आणि पुन्हा ओकली.

आप्पा माझ्याकडं आलेच नाहीत.
ते बोर्डाजवळ उकिडवे,
चष्मा कपाळावर, नखानं काहीतरी खरवडत.
पाण्यानं एक तीन अख्खा नेला होता,
दुसऱ्याची फक्त शेपटी.
'कितवी आलीस?'
'चौथी.'
'हं,' म्हणाले,
'रबरावर ऑइलपेंट धरत नाही.
खरं, प्रायमर मारायला पाहिजे होता.
पुढची कधी हाय?'