शिवी

रबाळ्याच्या गाळ्यात कुकरच्या रिंगा कापतो आम्ही.
सतरा जण, सतरा शेअर,
पावत्या हसीनाबीच्या डब्याच्या पिशवीत.
केबिनमध्ये रबराचे ताव रचलेत,
साहेबाची खुर्ची दाराला टेकू.

पूर्वी सोपं होतं.
प्रेस अडली, घाला मालकाला शिव्या.
पगार लांबला, घाला.
दत्तू घरतचं बोट गेलं
तेव्हा तर आठवडाभर पुरल्या.

काल घरतनंच उचल मागितली,
पोरीच्या फीला, नऊ हजार.
महापेच्या पार्टीचा चेक अजून वटला नव्हता.
आम्ही एकमेकांच्या चपला बघत बसलो.
‘नाही’ हा शब्द
आजवर काचेपलीकडून यायचा.
काल तो आमच्याच तोंडात,
गिळवेना, थुंकवेना.

हसीनाबीनं वही दोनदा मोजली.
चार हजार आज, बाकीचे चेक वटल्यावर.
कबूल असेल त्यांनी हात वर करा.
घरतनंही केला,
अंगठा आणि तीन बोटं.

रात्री प्रेस पुन्हा अडली.
शिवी सवयीनं ओठांवर आली,
इकडेतिकडे बघितलं तिनं,
आणि मी
तेलाचा डबा शोधायला लागले.