राखुंडीच्या पिसवा

उंबरा म्हणून तिनं कधी ओलांडलेला नाही.
वखारभागात तिसरा मजला, दोन खोल्या,
जाळी मारलेली गॅलरी:
एवढीच तिची सांगली.
खालच्या कुत्र्यालाही ती फक्त आवाजानं ओळखते.
मग आल्या कुठून?

मी आधी नाव घेतलं त्या कुत्र्याचंच,
आवटी वहिनींच्या टायगरचं.
मग कबुतरांचं. मग रद्दीवाल्याचं.
दोन दिवस जिन्यात कुणाशी धड बोलले नाही.

भादव्याचा चिकचिकाट.
माझ्या घोट्यांवर ओळीनं तांबडे ठिपके,
तिच्या शेपटीच्या मुळाशी टक्कल.
डॉक्टर मोमीन म्हणाले, कापूस ओला करा,
विंचरून जे काळं पडेल ते त्यावर ठेवा.
ठेवलं.
मिरपुडीएवढा कण,
आणि त्याच्याभोवती सावकाश पसरत गेलेलं तांबडं.
"माती नाही ही. तुमच्या मांजराचं रक्त आहे,
त्यांनी पचवलेलं."

मानेवर, जिथं तिची जीभ पोचत नाही तिथं,
केस बाजूला सारून औषध सोडायचं.
कुत्र्याचं औषध चुकूनही नको, मांजर जाईल.
रॉकेल नको, लिंबाचा पाला नको,
शेजारी सांगतील ते काहीच नको.
रोज बारीक फणी, आणि वाटीत साबणाचं पाणी.
मी विचारलं, पाणी कशाला?
ते माझ्याकडे बघत राहिले.

कशाला ते मला ठाऊक होतं.
दिवस पर्युषणाचे.
मी पाणी गाळून पिते, सूर्य असेतो जेवते,
तांदळातला टोका तळहातावर घेऊन कुंडीत सोडते.
राखुंडीच्या खाण्याच्या पुड्यावर मासा छापलाय,
तो पुडा भिंतीकडे तोंड करून ठेवते.
एवढी तडजोड घरात आधीपासून होती.

फणीच्या दातांत पहिली सापडली
ती चपटी, उभी चपटी,
वहीत दाबून ठेवल्यासारखी.
वाटीवर फणी धरून मी बराच वेळ थांबले.
तिनं उडी मारली असती तर बरं झालं असतं.
मारली नाही.
मी फणी बुडवली.
दुसरीला इतका वेळ लागला नाही.
अकरावीला मी मोजत होते,
आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं.

रात्री जिनपाल यार्डातून आले.
हळदीच्या तोलाईचं काम, नखांपर्यंत पिवळे.
पँट खुंटीला लावली, दुमडीतून पूड सांडली.
राखुंडी धावत आली, लोंबत्या पायच्याला
अंग घासत राहिली, रोजच्यासारखी.
मी पूड झाडूनं गोळा केली.
पिवळ्यात एक काळा टिपका होता.
तो उडाला.
यार्डात पोत्यांवर कुत्री झोपतात, मांजरी वितात,
हे ते कितीदा हसत सांगत आलेत.

"तुम्ही," मी म्हणाले.
"काय मी?"
मी ताट वाढलं. ते रात्रीच जेवतात,
नियम पाळावा म्हणतात, पोती पाळू देत नाहीत.

क्षमावाणीला जिन्यात थांबून
आवटी वहिनींना म्हणाले, उत्तम क्षमा.
अहो, कशाबद्दल?
टायगरबद्दल, म्हणाले, आणि वर आले.

आता तीन आठवडे झाले.
कापूस पांढराच राहतो. टकलावर लव आलीय.
डॉक्टर म्हणतात, संपलं नाही.
फरशीच्या सांध्यांत, पलंगाच्या पायांशी
कोष आहेत, महिनोन्‌महिने निजून राहतात.
पावलाचा धक्का लागला, श्वासाची ऊब लागली की उठतात.
म्हणून मुद्दाम चाला, दणदण चाला,
उठू द्या सगळ्यांना.
मांजराच्या अंगावर आल्या की औषध बघून घेईल.

बरोबर आहे त्यांचं.

दुपारी घरात कुणी नसतं.
मी चपला काढून ठेवते
आणि पलंगाच्या कडेकडेनं, हळू चालते.
राखुंडी तर पहिल्यापासूनच तशी चालते.