नऊ मीटर इकडे-तिकडे

फोनात तीन ॲपं ठेवलीत.
एकात आजचं नेरूळ, वरून काढलेलं,
उभ्या गाड्यांच्या टपांसकट.
दुसऱ्यात साहेबाच्या राज्यातला नकाशा,
कोपरे कसरीनं खाल्लेला.
तिसरं भरती-ओहोटीचं,
कारण खाडी अजून कुणाचं ऐकत नाही.

पहिल्यावर दुसरं अंथरायचं.
खाली एक पट्टी असते, अंगठ्यानं सरकवायची.
उजवीकडे नेली की सेक्टर.
डावीकडे नेली की सेक्टर विरघळतात,
टॉवरांखालून चिखल वर येतो,
चौकटी, चौकटी, नुसत्या चौकटी, मिठागरांच्या,
आणि एक ताड, एकटाच,
ज्याला अख्ख्या कागदावर स्वतःची खूण मिळाली.

मी एसी दुरुस्त करतो.
उन्हाळ्यात मरायला वेळ नसतो,
म्हणून हे सगळं डिसेंबरात, रविवारी.
यंत्र जुनं घेतलं, कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडून.
त्याला वाटलं होतं, सोनं सापडेल.

बेलापूरच्या बुरुजाकडे फिरकायचं नाही, हे ठरलेलं.
देवळाचं आवार, शाळेचं मैदान, कुणाचा प्लॉट:
विचारल्याशिवाय नाही.
मग उरतं ते ढुंगण टेकण्याएवढं.
होल्डिंग पाँडच्या कडेची माती,
तीही वॉचमनला चहा पाजून.

महिनाभरात मिळालं ते ॲपात नोंदवलंय.
बिअरची झाकणं, सळईचे तुकडे,
एक स्टीलचा चमचा, दांड्यावर कोरलेलं: सौ. गिरिजा.
ॲप विचारतं, नाणं, दागिना की कचरा?
चमचा अजून तसाच अडकलाय, प्रकाराविना.

सासरे, पोशा मढवी,
मोबाइल धरतात तो तापलेलं पातेलं धरावं तसा.
त्यांना पट्टी सरकवून दाखवली.
डावीकडे. उजवीकडे. पुन्हा डावीकडे, त्यांनी स्वतः.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "चुकलाय."
कोण?
"यो नकाशावाला. उघाडी हितं नव्हती.
पान्यानं बांद दोनदा खाल्ला.
येकदा आज्यानं मागं बांदला, येकदा आमी.
यो आला तवा पयला बांद व्हता."

रविवारी त्यांना स्कूटरवर घेऊन गेलो.
स्क्रीनवर निळा ठिपका, भोवती थरथरतं वर्तुळ,
अचूकता नऊ मीटर.
त्यांनी तिकडे पाहिलंही नाही.
पारसिकच्या डोंगराची खाच डाव्या खांद्यावर घेतली.
समोर घारापुरी हवी होती, तिथं टॉवर,
म्हणून तेराव्या मजल्यावर वाळणारी निळी चादर धरली
आणि चालू लागले.
ओठ हलत होते.
सव्विसाव्या पावलाला थांबले.
"लाव तुजं यंत्र."

लोखंडाचा आवाज जाडा असतो.
नवखे तो ऐकून पुढे जातात.
हातभर खाली लागली ती कडी,
मनगटाएवढी, गंजानं फुगलेली,
अंगावर कालवांच्या शिंपा.

त्यांनी तिच्यात दोन बोटं घातली.
"हिला दोर. दोराला फळी.
फळी वर घेतली का दर्या आत."
थोडं थांबून:
"मी सोला वर्षांचा व्हतो. येकदा येळेवर पाडली नाय."

पुढचं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.
जॉगिंग करणारी एक बाई थबकली, कानातलं काढून म्हणाली,
"काका, काही सापडलं का?"
"कडी," ते म्हणाले,
आणि पायानंच माती लोटू लागले.

मी नकाशावरची खूण बोटानं ओढली,
नऊ मीटरहून बरीच जास्त.
ॲप म्हणालं, हे ठिकाण सर्वांना दाखवायचं?
उत्तर देत होतो, एवढ्यात तिसरं वाजलं:
भरती, पाच चाळीस.

सासऱ्यांनी तोवर चपला हातात घेतल्या होत्या.