सतरा सेकंद

माझं काम पडद्याखालच्या ओळींचं.
माणूस जे बोलला ते दोन ओळींत बसवायचं,
वाचून होईपर्यंत ठेवायचं, मग पुसायचं.
ग्रिम्सबीत, बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यासमोर,
जिन्याला मासळीचा वास अजून चिकटलेल्या एका खोलीत.

माहितीपट टेरी ऑल्डरिजवर.
सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये क्लीथॉर्प्सच्या चिखलात सापडला,
एका पायात बूट, दुसऱ्यात नाही.
कॉरोनरनं चाळीस मिनिटांत निकाल दिला:
दारू, अंधार, भरती. अपघात.
सिनेमा म्हणतो, थांबा.
घड्याळ एकला थांबलं, पाणी आलं दोन वाजून दहाला.
मॅनेजरनं महिन्याभरापूर्वीच विमा का वाढवला?
हवालदाराच्या वहीतलं पान कुणी फाडलं?
आणि मधे मधे ती गिटार, तिथं मी लिहिते:
'संशयास्पद संगीत'.
दिग्दर्शिका फिलिपा म्हणते, संशयास्पद नको गं,
'हळवं' लिही.

सगळं येऊन अडतं सतरा सेकंदांवर.
आन्सरिंग मशीनची कॅसेट,
बहिणीच्या स्वयंपाकघरातल्या खणात तीस वर्षं,
फ्यूजच्या तारेशेजारी, वाढदिवसाच्या अर्ध्या जळालेल्या मेणबत्त्यांखाली.
आधी वारा. मग फोनच्या डब्यात नाणं पडल्याचा आवाज.
मग टेरी, तीनचार शब्द.

पोलिसांनी ऐकलं: आता पुरे झालं मला.
फिलिपा ऐकते: आता पोरं आली मागं.
बहीण मॉरीन ऐकते: आता पुरेल ना बेलाला?
बेला कुत्री होती. त्या रात्री मॉरीनकडेच होती.
(मराठीत सांगतेय, पण त्यांच्या भाषेतही
तिन्ही वाक्यं अशीच एकमेकींच्या अंगावर रेलतात.)

माझे वडील इचलकरंजीला मागावर होते.
चोवीस मागांच्या खडखडाटात
ओठांवरून शब्द उचलायचे.
फसायचे ते फक्त प, ब आणि म-ला.
ओठ मिटतात तेवढे दिसतात, म्हणायचे,
आत काय आहे ते नाही दिसत.

मी हळू करून ऐकलं, उलटं करून ऐकलं,
वारा गाळला तर टेरीही गळाला.
रात्री दीडला, एकसष्टाव्या वेळी,
तो चक्क माझ्या वडिलांच्या आवाजात
काहीतरी म्हणाला. मी इयरफोन काढले.
खाली कचऱ्याच्या डब्यावर सीगल भांडत होते.

मॉरीन एकदा येऊन गेली, आल्याच्या बिस्किटांचा डबा घेऊन.
म्हणाली, कुणी मारलं असेल तर त्याच्यावर चिडेन,
नसेल तर टेरीवर. दोन्हीची सवय आहे.
बेला चौऱ्याण्णवपर्यंत जगली, माहितीय?
लठ्ठ झाली होती शेवटी.

मी लिहिलं: अस्पष्ट.
फिलिपाचा मेसेज: अस्पष्टसाठी कोण तिकीट काढणार?
मी पुन्हा लिहिलं: अस्पष्ट.

पहिला खेळ चर्चच्या हॉलमध्ये, घडीच्या खुर्च्या.
जुने चाहते, चामड्याची जाकिटं आता पोटावर न मिटणारी.
सतरा सेकंद आले.
पडद्याखाली ठळक पिवळ्या अक्षरांत:
आता पोरं आली मागं.
हॉलभर श्वास आत गेला,
मागून कुणीतरी शिवी हासडली.

मी कडेला बसले होते, पडद्याकडे नव्हतं बघत.
पहिल्या रांगेत मॉरीन, डोळे मिटलेले,
तोंडावर पडद्याचा निळा उजेड,
त्याच्याबरोबर ती बोलत होती, आवाज न करता.
वडिलांसारखी मी पुढं वाकले.

ओठ मिटले.
उघडले.
पुन्हा एकदा मिटले.