दाबायचं नाही

नियम एकच, आणि तो हाताला शिकवायला
मला सहा महिने लागले:
दाबायचं नाही.

जेलचा जाड थर, त्यावर प्रोब नुसता तरंगता,
सायीला सुरकुती पडू नये इतका.
चरबी भित्री असते. जरा जोर दिला
की अर्धी बाजूला सरकते
आणि आकडा खोटं बोलतो.

उलानबातर. डिसेंबर. बाहेर उणे एकतीस.
जेलची बाटली मी रेडिएटरवर ठेवते,
नाहीतर भले भले पैलवान किंचाळतात.

आज सतरावा: लुव्सानजाम्त्स, वय अडुसष्ट,
एकेकाळचा आपल्या आयमगचा नाचिन,
म्हणजे ससाणा.
जिंकल्यावर हात पसरून
संथ गिरकी घेणारा माणूस
आता देलचा कमरपट्टा सोडताना
भिंत धरतो.

मी पेनानं आठ खुणा करते.
दंड, पाठ, पोटावर दोन, कंबर, मांडीवर दोन, पोटरी.
तो म्हणतो, "वाटे घालते आहेस का?"

पडद्यावर आधी त्वचेची उजळ रेघ,
मग काळोखाचा पट्टा, त्यात पांढरे धागे
गोठलेल्या नदीतल्या भेगांसारखे,
खाली स्नायूची चकाकती कड.
"हा काळोख म्हणजे मी?"
"हा काळोख म्हणजे चरबी, आजोबा."

मी त्याला सांगते, चरबीत आवाज हळू चालतो.
स्नायूत झपझप जातो, इथे रेंगाळतो.
यंत्राला हे आधीच सांगून ठेवावं लागतं,
नाहीतर ते त्या रेंगाळण्यालाच जाडी समजतं.
त्याला हे पटतं.
"माझ्याकडे आलेला पाहुणाही असाच," म्हणतो,
"शेपटीची चरबी ताटात असली की उठत नाही."

पोट, वरची खूण: तेवीस पूर्णांक सहा मिलिमीटर.
मी आकडा भरते.
तो वाकून पडद्याकडे बघतच राहतो.

"झुद आला त्या साली
दोनशे दहा जनावरं गेली माझी.
शरदातच कळलं होतं कोणती जाणार.
मेंढीच्या कण्यावर बोटं दाबायची,
हाड किती खोल लागतं ते बघायचं.
तू तर दाबतही नाहीस."
"दाबलं तर चुकतं."
"म्हणून तुला यंत्र लागतं."

मग बराच वेळ गप्प.
मांडीवर प्रोब, श्वास धरलेला, हीटरची टिकटिक.

"त्या हिवाळ्यात खंदर्मा
आपल्या वाडग्यातला तुकडा माझ्या वाडग्यात टाकायची.
म्हणायची, मला तेलकट सोसत नाही.
तीस वर्षं खात होती की तेच.
मी खाल्लं.
मला कळत होतं, आणि मी खाल्लं."

"ह्या काळ्यातलं तिचं किती,
ते दिसतं का कुठे?"

माझ्या तक्त्यात आठ रकाने आहेत,
प्रत्येक जागी तीन वेळा मोजून सरासरी घ्यायची,
पांढरे धागे धरून एक बेरीज, वगळून एक.
आणखी रकाना नाही.
मी म्हणाले, पुन्हा एकदा घेते.
आणि घेतलं, गरज नसताना,
प्रोब इतका हलका की माझं मनगट दुखलं.
तेवीस पूर्णांक सहा.
ती तिथेच होती, किंवा नव्हती,
आवाज मात्र त्याच्या सवयीनं रेंगाळून परत आला.

जेल पुसून तो उठला, देल चढवला,
पट्टा दोनदा गुंडाळला.
दारापाशी थांबून
माझं मनगट हातात घेतलं, अंगठा घट्ट रोवला,
हाड लागेपर्यंत.
डोळे मिटून जरा ऐकल्यासारखं केलं.

"हा हिवाळा काढशील," म्हणाला.
"पुढच्याचं आत्ताच नाही सांगत. जेव नीट."

अठराव्याला हाक मारली तेव्हा
मनगटावरचा खड्डा
अजून भरत होता.