शिडी

कारखान्याचा भोंगा परवा शेवटचा वाजला.
हंगाम आटोपला.
आता दोरीवर पांढरं घातलं
तर पांढरंच निघेल,
आणि बावड्यातल्या गच्च्या-कौलांवरची
दिवाळीपासूनची काजळी
खराट्याखाली यायला मोकळी झाली.

हे तीस वर्षं बॉयलरवर.
दिवसभर तिकडं जाळायचे,
संध्याकाळी तेच माझ्या धुण्यावर येऊन बसायचं.
सुट्टी लागली की चढायचे कौलांवर,
मी खाली शिडी धरून.
टाचांच्या भेगा पाठ आहेत मला ह्यांच्या,
डाव्या पोटरीवरची निळी शीर,
आणि वरून येणारं वाक्य:
"झालं बघ. आता धा वर्षं बघाय नको."
दर वर्षी.

औंदा गुडघा बदललाय ह्यांचा.
रंगपंचमी झाली, दुसऱ्या दिवशी मीच पदर खोचला.
"तू?" म्हणाले. मग लगेच साहेब झाले.
"खाली बघू नगंस. पाय वाशावर ठेव.
कौलाच्या मधी न्हाई, कडंला.
कडंला म्हटलं की!"
पलीकडच्या गच्चीवर शेवया वाळवणारी आक्काताई
पाट तसाच टाकून बघत उभी राहिली.

वरून पहिल्यांदा दिसलं ह्यांचं टक्कल.
एवढं झालंय हे ठाऊक नव्हतं.
मग ऊस तुटून बोडके झालेले फड,
नदीची वाकडी रेघ, लांब जोतिबाचा डोंगर.
कारखान्याची चिमणी गप्प.
आमच्या पन्हळीतली चिमणी मात्र
माझ्यावर ओरडत होती, घर उसकटलं म्हणून.
तिचं तेवढं ठेवलं. बाकी खरडलं:
राख, राखेचा चिखल, कडुलिंबाच्या काड्या,
वैजूचं बॅडमिंटनचं फूल, पिसं झडलेलं.
वैजूची पोरगी आता कॉलेजला आहे.

मग ह्यांची कामं दिसायला लागली.
फुटक्या कौलाखाली वाढदिवसाच्या फ्लेक्सचा तुकडा,
कुणा भाऊंचा अर्धा गॉगल आणि "हार्दिक".
फटीत सायकलची ट्यूब, वर विटेचं टिकोरं.
एक रीप वाशाला बांधलेली
लिंबू रंगाच्या काठानं.
माझं पातळ होतं ते.
दोरीवरनं गेलं म्हणून
महिनाभर आक्काताईशी बोलले नव्हते मी.

आणि पार आढ्याला, ढाप्याच्या कौलाखाली,
दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली काडेपेटी.
शेजारी विड्यांची थोटकं.
मोजली नाहीत.
मोजली. एकोणीस.
वैजूच्या लग्नात सोडली होती ह्यांनी,
जोतिबाची शपथ घेऊन.
इथं बसलं की तोंड नेमकं डोंगराकडंच येतं.

"सापडलं का काय वर?"
आवाज जरा बारीक झाला होता.
"कावळ्याच्या काटक्या हाईत," मी म्हटलं.
"टाकून दे की."
"टाकतो."

बसले थोडा वेळ तिथंच.
वाऱ्याला राखेचा वास नव्हता.
कडुलिंब फुलला होता कुणाच्या तरी परड्यात.
खाली शिडी हलत नव्हती जराही,
इतकी घट्ट धरली होती.
काडेपेटी हलवून बघितली. खडखडली.
ठणठणीत कोरडी.
म्हणजे सगळ्या घरात
तेवढी एक जागा खरंच गळत नव्हती.

तीन कौलं बदलली. भाऊंना काढलं.
ट्यूब राहू दिली, चांगली बसली होती.
ढाप्याचं कौल
होतं तसं ठेवलं, जरा दाबून.

"हळू. हळू ये. आणि एक पायरी हाय."
पाय जमिनीला लागले, हात झटकले.
"झालं बघा," म्हटलं,
"आता धा वर्षं बघाय नको."

माझ्याकडं बघितलं त्यांनी.
मग वर, आढ्याकडं.
शिडी अजून सोडली नव्हती.
"पाण्याची टाकी," म्हणाले,
"ऱ्हायलीय अजून."