साडेदहाच्या आत

सेल रात्री साडेदहाला संपतो,
माझी सेकंड शिफ्ट अकराला.
म्हणून खरेदी होते ती उद्यमबागेत, कँटीनच्या मागं,
चहाचा कप कठड्यावर ठेवून,
विडी ओढावी तशी, चोरून.

कूलंटनं अंगठ्याच्या रेषा पुसून नेल्यात.
फोन मला ओळखत नाही.
तीनदा नाही म्हणतो, मग आकडे मागतो,
आणि मी देतो.

नव्वद टक्के सूट. तेविसशेचा गेम दोनशे तीसला.
कल्लाप्पाला म्हटलं, दोन हजार सत्तर वाचले, होय की नव्हं?
तो बशीत फुंकर मारत म्हणाला,
मग वाचलेले ठेवलास कुठं?

दोनशे सतरा झालेत.
उघडलेले एकतीस.
संपलेले चार, त्यातला एक लेकीनं संपवला,
मला न विचारता, परीक्षेच्या आदल्या दिवशी.

एका गेमात एक म्हातारा बोटीत बसलाय.
दोन वर्षांपूर्वी त्याला थांब म्हटलं,
लेथ बंद पडली म्हणून फोन आला होता.
तो अजून तिथंच असणार,
वल्हं पाण्यावर धरून,
एक थेंब पडायचा राहिलेला.

आमच्या गल्लीत एका दारावर
खडूनं कानडीत लिहिलेलं असायचं, नाळे बा.
उद्या ये.
रात्री दार वाजवायला येणारी ती
म्हणे वाचायची आणि मुकाट परत जायची.
लिहिता-वाचता येणारं भूत!
आम्ही पोरं हसायचो. आता
मीच रोज लिहितो, रोज पुसत नाही,
आणि दारात दोनशे तेराजण
चपला काढून उभे.

दस्तगीरचं दुकान होतं रामलिंगखिंड गल्लीत,
जिन्याखाली, दोन टीव्ही, एक पंखा.
रुपयाला दहा मिनिटं.
चौघांत मिळून एक रुपया.
एकच कॅसेट, कडेला चिरलेली, फुंकून लावायची.
तिसऱ्या लेव्हलला एक पूल यायचा
आणि आम्ही पडायचो.
दोन वर्षं पडलो.
पुलाच्या पलीकडं काय, ते रात्री गादीवर ठरायचं.
मी म्हणायचो, किल्ला.
जोतिबा म्हणायचा, समुद्र, बघ तू.
त्यानं तोवर समुद्र बघितला नव्हता.
आता वास्कोला असतो. फोन करत नाही. मीही.

तो गेम गेल्या दिवाळीत मिळाला,
एकोणपन्नास रुपयांत, नवीन रंगात.
घेतला.
उघडला नाही.

भारताच्या ट्रंकेत अकरा साड्या आहेत
ज्यांची घडी मोडलेली नाही.
तिच्या वडलांच्या मागावरच्या, वडगावच्या,
माग विकला त्या वर्षापर्यंतच्या.
वर्षातून एकदा उन्हात घालते,
हात फिरवते, परत ठेवते.
मी एकदा बोललो त्यावरून.
ती म्हणाली, तुमचे दोनशे काय करतात?
मग आठ दिवस आम्ही फक्त भाजीबद्दल बोललो.

परवा रविवारी, कुठं जायचं नव्हतं,
कुणी यायचं नव्हतं,
ती हिरवी नेसून बाहेर आली.
घडीच्या रेघा अंगावर चौकोन पाडून उभ्या,
नकाशा उलगडल्यासारख्या.
हातात चिरमुऱ्याची परात.
म्हणाली, लावा तो तुमचा पूल.

वाटलं वीज जाईल. गेली नाही.
वाटलं चार तासांचं अपडेट मागेल. मागितलं नाही.
पहिली लेव्हल बोटांना पाठ होती.
दुसरीत ती म्हणाली, उडी उशिरा मारताय.
पूल आला.
एवढासा होता.
पडलो.
परत पडलो.
तिसऱ्यांदा अर्ध्यावर गेलो, पलीकडं
काहीतरी निळं दिसलं, किंवा टीव्हीच तसा आहे,
आणि पडलो.

हात पुसून तिनं रिमोट मागितला.
कसं धरायचं हे, म्हणाली.
पदरावर कांदा सांडला होता.
तिनं झटकला नाही.